मास्तरचा चुला

गोंदियात तांदळाला ऋतू नसतो. राइस मिलच्या या गावात बाराही महिने कोंडा उडतो, बाराही महिने ट्रक भरतात, आणि किराणावाला ‘नया चाहिए या पुराना’ एवढंच विचारून पिशवीला गाठ मारतो. मी कायम पुराना घेते. तो मोकळा शिजतो, पाहुण्यांपुढे लाज राखतो. नवा तांदूळ शिजताना ओल्या गवताचा आणि दुधाचा मिळून जो वास घरभर सुटतो, तो गोंदियालगतच्या फुलचूरमधल्या माझ्या स्वयंपाकघरात कधी आलाच नाही. मीही कधी त्याला बोलावलं नाही.

यंदा पितृपक्ष संपता संपता मिशनातल्या सिस्टर एल्सींचा फोन आला. ऐकायला कमी येतं म्हणून त्या फोनवर ओरडून बोलतात, आणि त्यांना कमी येतं म्हणून मीही ओरडते.

“रविवारी गावात नवा आहे. ये तू. अन् मीटिंग पन आहे. नागपूरहून मोठ्या सिस्टर येऊन राहिल्या. तुझ्या घराची गोष्ट आहे.”

“माझं घर फुलचूरला आहे, सिस्टर!”

“ते तुझ्या नवऱ्याचं,” त्या म्हणाल्या. “तुझं इकडे आहे.”

नवरा समोर पेपर वाचत बसला होता. फोनचा आवाज त्याच्यापर्यंत गेलाच होता. त्यानं पेपर खाली न करता म्हटलं, “जाऊन ये बाई, आम्हाला बेघर केलंस तरी चालेल.”

बल्लारशाच्या पॅसेंजरनं अर्जुनीला उतरले आणि पुढे ऑटोत बसले. रस्ता आता डांबरी आहे. आमच्या इकडच्या प्रतापगडाचा डोंगर मात्र तसाच, आधी उजव्या हाताला आणि मग वळणावळणानं पाठीशी. शिवरात्रीला बाबा आम्हाला त्या डोंगरावर न्यायचे. तिथे महादेवही आहे आणि दर्गाही. बाबांना दोन्हीकडे काही मागायचं नसायचं. ते वर जाऊन भुईमुगाच्या शेंगा खायचे आणि म्हणायचे, “या डोंगराला कुणी विचारलंय का, तू कुणाचा म्हणून?” आई म्हणायची, “शेंगांची टरफलं तरी खिशात टाका. डोंगर कुणाचाही असो, झाडायला कुणीतरी येतंच.”

आम्ही मिशनात राहायला का गेलो, ते मला नीट सांगता येणार नाही. बाबांनी गोंदियातली शाळा सोडली, कुणाशी तरी काहीतरी झालं, आणि एका संध्याकाळी बैलगाडीतून आमची कोठी, घडवंची आणि मी असे जंगलाच्या टोकाला जाऊन पोचलो. तिथे एक छोटं चॅपल होतं, दवाखाना होता, चौथीपर्यंतची शाळा होती आणि चिंचेच्या मागे दोन खोल्यांचं कौलारू क्वार्टर होतं. चार सिस्टर आणि एक म्हातारे फादर, एवढी त्यांची माणसं. आणि आम्ही तिघं त्यांची नसलेली.

आम्ही तसे कुणाचेच नव्हतो. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि देवाला मानायचे नाहीत. “माझी हजेरी फक्त शाळेत,” असं ते फादरांना पहिल्याच दिवशी सांगून मोकळे झाले. फादर म्हणाले, “शाळेची हजेरी पुरेशी आहे, मास्तर. बाकीची मी भरतो.” आईनं माहेरून आणलेला पितळी बाळकृष्ण डब्यात, मसूर डाळीच्या मागे ठेवला होता. तो बाबांच्या तत्त्वासाठी की तिच्या आळसासाठी, हे तिनं कधी सांगितलं नाही. सणासुदीला डाळ काढायच्या निमित्तानं ती त्या डब्यात जरा जास्त वेळ डोकवायची.

आईला मिशनात कुठलंच पद नव्हतं. पण आजूबाजूच्या टोल्यांवरून, म्हणजे वाड्यांवरून, ज्या बाया दवाखान्यात येत, त्या सरळ दवाखान्यात कधीच जात नसत. आधी आमच्या ओसरीवर बसत. पांढऱ्या झग्यातल्या, परक्या बोलीच्या सिस्टरांकडे एकदम जायची त्यांना भीती वाटे. आई त्यांना पाणी देई, लेकराच्या कपाळावर हात ठेवून पाही, घरच्या सासूबद्दल दोन वाईट शब्द ऐकून घेई. मग त्या बाया पदर सावरून म्हणत, “चाल वो बाई, तू चाल संग.” आई हात पुसत त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत सोडून येई. दिवसातून कितीदा तरी ती असं ते अंगण ओलांडायची.

त्या दिवसांचे वास अजून माझ्याकडे आहेत. उन्हाळ्यात पहाटेपासून मोहफुलांचा. मी आणि बिरजा टोपल्या घेऊन झाडाखाली जायचो. बिरजा म्हणजे गावच्या सोमा भुमकाची लेक. भुमका म्हणजे गावाच्या देवाचं सगळं करणारा माणूस. पण बिरजासाठी तो फक्त बाप होता आणि त्याला ती जराही घाबरत नसे. वेचलेली फुलं आमच्या अंगणात वाळत पडायची, आणि त्यांचा गोड, जड वास चॅपलमध्ये मेणबत्त्यांपर्यंत पोचायचा. सिस्टर एल्सी तेव्हा केरळातून नुकत्याच आल्या होत्या, विशी-बाविशीच्या असतील. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी अख्खं चॅपल धुऊन काढलं होतं, काहीतरी सडलंय म्हणून. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या आमच्या अंगणात फुलं पसरायला बसल्या.

मग आषाढात रोवणी. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, पोटरीभर चिखलात बाया परहे, ती कोवळी रोपं, लावायच्या, एका बांधीतलं गाणं दुसऱ्या बांधीत उचललं जायचं, आणि लांबून सारसाच्या जोडीची साद यायची. आधी नर, लगोलग मादी. दुपारी चॅपलची घंटा वाजली की सगळ्या बाया एकदम कंबर सरळ करून उभ्या राहायच्या. सिस्टरांची ती प्रार्थनेची घंटा. बायांची शिदोरी सोडायची. घंटा वाजवणाऱ्या सिस्टरला हे ठाऊक होतं. म्हणून रोवणीच्या दिवसांत ती जरा लवकरच वाजायची. देवानं कधी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

दोन तऱ्हेची माणसं एका आवारात राहिली की भांड्याला भांडं लागणारच. सिस्टर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर जेवणापर्यंत मौन पाळायच्या. सगळं आवार गप्प. आणि नेमकी तीच आईची फोडणीची वेळ. लाखोळीच्या डाळीवर लसूण-मिरचीची चरचरती फोडणी पडली की तो आवाज आणि तो वास थेट प्रार्थनेच्या खोलीत. एक वयस्कर सिस्टर मौनातच शिंकायच्या. सिस्टर एल्सींनी मला फार पुढे सांगितलं, “मी डोये मिटून बसत होतो, अन् मनात येत होतं, आज बरबटी आहे का लाखोळी?”

मला ते सगळं एकच घर वाटायचं. मोठ्यांना तसं वाटत नव्हतं, हे मला एका नव्यानं कळवलं.

नवा म्हणजे नव्या धानाचा पहिला भात. हलका धान दसऱ्याच्या आधीच पिकतो. पण पिकला म्हणून खायचा नसतो. भुमका दिवस ठरवणार, आधी गावदेवीला, मातामायला द्यायचा, पितरांना द्यायचा, आणि मग माणसांनी. त्याआधी गावात कुणी नवा दाणा दातांखाली घालत नाही.

त्या वर्षी मिशनची शाळेमागची बांधी सगळ्यांच्या आधी पिकली. तिची रोवणी शाळेतल्या पोरांनीच केली होती, आणि बाबांना त्याचा कोण अभिमान! धान कापून, कुटून घेतला, शाळेच्या अंगणात तीन दगड मांडले, आणि मोठ्या गंजात भात रटरटायला लागला. पोरं आधी मागे मागे सरकत होती. बिरजा म्हणाली, “नाई खात गुरुजी. नवा नाई झाला.” बाबांनी स्वतः पहिला घास तोंडात घातला आणि हात पसरून म्हणाले, “बघा, मी खाल्ला. काय झालं? तुमच्या घामाचा तांदूळ आहे, तुम्ही नाही खायचा तर कुणी?” मास्तरांनी खाल्ला म्हटल्यावर पोरं बसली. भूक तर होतीच. मी दोनदा वाढून घेतला. तो वास, तो पहिला चिकट गोड घास मला आजही जिभेवर आणता येतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी एकटीच होते.

दवाखान्यातही कुणी आलं नाही. आमची ओसरी रिकामी. आई पाण्याची घागर भरून ठेवायची आणि संध्याकाळी ती झाडांना ओतायची. टोल्यांवर कुणी ओरडलं नाही, भांडायला आलं नाही. नुसतं येणं थांबलं. देवाच्या आणि मेलेल्या माणसांच्या आधी आपली लेकरं जेवली, या धास्तीनं घराघरात बाया कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. बाबा अंगणात येरझाऱ्या घालायचे. “अंधश्रद्धा आहे ही,” म्हणायचे, पण प्रत्येक वेळी जरा हळू आवाजात.

नागपूरहून सिस्टरांच्या मुख्य, मदर आल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि मी चिंचेच्या खोडामागे. मदर वाईट नव्हत्या. त्या शांतपणे म्हणाल्या की ही प्रार्थनेची जागा आहे. इथे राहणाऱ्याला एक नेम असतो, उपास असतो, वर कुणीतरी आहे याचा धाक असतो. ज्या घराला कसलाच नेम नाही, ते घर या आवारात ठेवणं ही आपलीच चूक झाली. “मास्तर भले आहेत. पण त्यांनी दुसरीकडे राहावं.” फादर खाली बघत होते. आईनं आमच्या दारातून ते ऐकलं, आत गेली, आणि कोठीतले डबे काढून पुसायला लागली. डबे पुसणं म्हणजे बांधाबांध, एवढं मला कळत होतं. मी रडत सुटले.

तेव्हा सिस्टर एल्सी उठल्या. त्यांनी कुणाची परवानगी घेतली की नाही, मला माहीत नाही. उरलेल्या धानाची टोपली डोक्यावर घेतली, चपला व्हरांड्यातच काढल्या आणि बाबांना म्हणाल्या, “मास्टरजी, चलिए.” आणि आश्चर्य म्हणजे बाबा निघाले. मीही मागे मागे.

सोमा भुमका अंगणात दोर वळत बसला होता. सिस्टर एल्सींनी टोपली त्याच्यापुढे ठेवली. तेव्हा त्यांना धड हिंदी येत नव्हती, मराठी तर नाहीच. तरी त्या बोलत राहिल्या. “हमारा घर में भी ऐसा है. पहला धान चर्च में जाता. उसका पहले खाया तो दादी मारता. मैं खाया था. बहुत मार खाया.” आणि त्यांनी पाठीवर हात नेऊन कुठे मार बसला ते दाखवलं.

सोमाचा दोर थांबला. त्यानं या पोरसवद्या सिस्टरकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि तो हसायला लागला. बिरजाची आई आतून बाहेर आली, तीही हसली. “आयकलं का वो,” सोमा तिला म्हणाला, “यांच्यात बी नवा असते!”

बाबा टोपलीशेजारी उकिडवे बसले. आयुष्यभर मुलांना उत्तरं सांगणारा माणूस. म्हणाले, “सोमाजी, सिस्टरांना त्यांचा देव आहे, तुम्हाला तुमचा. मला नाही. खोटं बोलून हात जोडता येत नाहीत मला. मी काय करू?”

“देव नसन तं नसो जी,” सोमा म्हणाला. “चुला तं आहे ना घरी?”

दुसऱ्या दिवशी सोमा मिशनात आला. मदर अजून होत्या. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि त्यानं आपला निवाडा सांगितला. इथून पुढे नव्याच्या दिवशी धानाचे तीन वाटे करायचे. एक मातामायचा. एक सिस्टरांच्या देवाचा, तो त्यांनी त्यांच्या रीतीनं द्यावा. आणि एक मास्तरच्या चुल्याचा. “अन् त्या घरी देव नाई, तं पयला घास पाव्हन्याले द्याचा. पाव्हना खाईन, मंग घरचे.”

मदरांना ते कुणीतरी हिंदीत सांगितलं. त्या म्हणाल्या, पण हे कुटुंब इथून जायचं ठरतंय.

“काऊन?” सोमानं विचारलं. त्याचं हे ‘काऊन’ सगळ्या व्हरांड्यात घुमलं. “आमच्या बाया तुमच्या दवाखान्यात कायले येते, ठाऊक आहे का? मास्तरीनबाईच्या घरातून धुपट निघते. लेकरू रडते. नवराबायको भांडते. तवा वाटते, हे घर आहे, इथं जाऊ. नुसता देव रायते तिथं मानूस जाऊन बसत नाई जी, पाया पडून वापस येते.”

फादर त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून हसले. आईनं पुसलेले डबे पुन्हा कोठीत लावले. बाळकृष्णही मसुरीच्या मागे परत गेला.

मग दरवर्षी नवा आला की आमच्या घरी पाहुणा शोधायची घाई. गावातला चालायचा नाही, बाहेरचाच हवा. कधी बांगड्यावाला, कधी जंगलखात्याचा गार्ड, एकदा तर वाट चुकलेला यात्रेकरू. चुल्यावर भात तयार, वासानं माझा जीव कासावीस, आणि ताटावर कोण, तर मिशीवरून हात फिरवत बसलेला कुणी अनोळखी बुवा! तो सावकाश पहिला घास घ्यायचा, आणि आम्ही घरचे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो. एकदा मी सोमाशी भांडलेच. “मला कधी मिळणार पहिला घास?”

“तू पाव्हनी होशीन तवा,” तो म्हणाला आणि माझी वेणी ओढली.

आम्ही तिथून का निघालो, तेही मला नीट सांगता येणार नाही. मी मोठी झाले, पुढची शाळा गोंदियात होती, बाबांना खोकला लागला. आमच्या मागून एका कंपाउंडरचं कुटुंब राहिलं. मग क्वार्टरला कुलूप लागलं. आई-बाबा गेले. बाळकृष्ण आता माझ्या देव्हाऱ्यात राजरोस बसतो, पण मला वाटतं त्याला मसूर डाळीची सवय झाली असावी.

ऑटो मिशनच्या फाटकाशी थांबला. सिस्टर एल्सी काठी टेकत समोर आल्या. केस पांढरे, चष्मा जाड, हसू तेच. मी चिंचेकडे वळले, तर त्यांनी काठी आडवी धरली. “आधी मीटिंग. घर आधी पाहशीन तं बोलता नाई येनार तुले.”

दवाखान्याच्या त्याच व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या, आता प्लास्टिकच्या. मोठ्या सिस्टर वसईकडच्या, माझ्याहून वयानं लहान, स्वच्छ मराठी बोलणाऱ्या. त्यांच्या समोर एक तरुण जोडपं. ती डॉक्टर, तृप्ती नावाची, वर्ध्याकडची. तो शाळेत विज्ञान शिकवू म्हणतो. त्यांची चिमुरडी पायरीवर मुंग्या बघत बसलेली. दोघांना आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायचं होतं. सिस्टर एल्सी आता थकल्या, त्यांच्या जागी पाठवायला दवाखान्याचं काम जाणणारी सिस्टर नाही. हे दोघं राहिले तर दवाखाना चालणार, नाहीतर या दिवाळीनंतर बंद. गोष्ट एवढी सरळ होती.

“एक मी आधीच सांगते,” तृप्ती म्हणाली. “आम्ही प्रार्थनेला येणार नाही. आम्ही देवळातही जात नाही.”

मला बाबा आठवले. हजेरी फक्त शाळेत.

“तुम्ही स्पष्ट बोललात, मला आवडलं,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “मीही स्पष्ट बोलते. तुम्ही दवाखाना चालवा, पण राहा अर्जुनीला. इथे आम्ही एका व्रतानं राहतो. संसाराचं घड्याळ वेगळं असतं. आणि आता दिवस कसे आहेत, तुम्ही बघताच. गावाला वाटेल, आम्ही तुम्हाला आमच्यात ओढतोय. आमच्या माणसांना वाटेल, तुम्ही आम्हाला ढिलं केलंत. दोन्हीकडचा बोल सिस्टर एल्सींसारख्या म्हाताऱ्या बाईनं का ऐकायचा?”

त्यात खोटं काही नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही, भीती मात्र वाटली. माझ्या लहानपणीच्या त्या दुपारी वाटली होती, तीच.

“बाया फाटकापर्यंत येते,” सिस्टर एल्सी हळूच म्हणाल्या. “फाटकाले हात लावते अन् वापस जाते. बसाले कोनाचं घर नाई. मी पाहत रायतो खिडकीतून.”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भाषण करायला आले नव्हते. मी सांगितली ती तीन वाट्यांची गोष्ट. आईची मौनाच्या वेळची फोडणी, बाबांनी खाल्लेला घास, टोपली, दोर वळणारा सोमा, पाहुण्याची मिशी.

मोठ्या सिस्टर लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, आणि त्या टोमण्यानं विचारत नव्हत्या, “पण ते घर तर इतकी वर्षं बंद आहे. तिसऱ्या वाट्याचं काय झालं?”

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

“त्या पोरीले काय पुसता? ते तं गोंदियाले जाऊन बसली.”

पायरीखाली एक बाई उभी होती. काटक, डोक्यावर टोपली, टोपलीवर पळसाची पानं. आवाजावरून ओळखलं. बिरजा. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “मोटी झाली वो तू. आता आठोन आली काय?” आणि माझं उत्तर ऐकायला न थांबता मोठ्या सिस्टरांना म्हणाली, “चला जी, दाखवतो.”

आम्ही सगळे चिंचेच्या मागे गेलो.

क्वार्टरची कौलं दोन-चार ठिकाणी खचली होती. दाराला कुलूप. आणि दाराच्या वरच्या लाकडावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, धानाच्या लोंब्यांच्या जुड्या टांगलेल्या. जुन्या जुड्यांचे दाणे चिमण्यांनी कधीच नेले होते, नुसत्या काड्या उरल्या होत्या, काळ्या पडलेल्या. त्यांच्या शेजारच्या करड्या. मग पिवळ्या. शेवटच्या खिळ्यावर आज सकाळी बांधलेली जुडी, दाण्यांनी भरलेली, अजून हिरवट. खाली ओसरीवर तीन दगड मांडलेले, त्यांच्यामधली माती वर्षानुवर्षांच्या धगीनं लाल झालेली.

“बाप मरताना सांगून गेला,” बिरजा म्हणाली. “घराले कुलूप लागलं म्हून वाटा मोडाचा नाई. आमी इथंच भात शिजवतो. रस्त्यानं जो जाईन त्याले बलावतो, पयला घास त्याले. कोनी नाई भेटलं तं एलशीबाई आहेच. ते बी केरळची पाव्हनीच ना.”

“इतकी वर्षं झाली, अजून पाव्हनी म्हनते मले,” सिस्टर एल्सी लटक्या रागानं म्हणाल्या.

मी त्या जुड्यांना हात लावला. एक काडी माझ्या बोटांत मोडली. आम्ही हे घर सोडलं असं मी आयुष्यभर धरून चालले होते, आणि गावानं मात्र ते एका वर्षासाठीही सुटू दिलं नव्हतं. मला तिथे उभ्या उभ्या हुंदका फुटला. बिरजानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसाच.

मोठ्या सिस्टरांनी दारावरच्या जुड्या बोटानं मोजल्या. मग त्या तृप्तीकडे वळल्या.

“संध्याकाळी प्रार्थनेनंतर आमचं मौन असतं,” त्या म्हणाल्या. “तेवढ्या वेळात लसणाची फोडणी देऊ नका.”

तृप्तीला आधी कळलंच नाही. सिस्टर एल्सींना बरोबर ऐकू आलं, एरवी कमी ऐकू येणाऱ्या बाईला! त्यांनी झग्याच्या खिशातून किल्ली काढली. म्हणजे ती त्यांनी सकाळपासून खिशातच ठेवली होती.

कुलूप गंजलेलं, तृप्तीच्या नवऱ्यानं दगडानं ठोकून सैल केलं. आत कोंदट काळोख, उंदरांच्या लेंड्या, आणि कोपऱ्यात आईचा चुला. तो जरा फुटला होता, पण होता. बिरजानं फडक्यानं त्यावरची माती झटकली. तिच्याच घरून विस्तव आला. तृप्तीनं फुंकणीनं फुंकून डोळे लाल करून घेतले, तिची चिमुरडी धुरानं रडायला लागली, नवरा म्हणाला खिडकी आधी उघडायला हवी होती, ती म्हणाली मग उघडायची होतीस ना. मोठ्या सिस्टर दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. कौलांमधून धूर निघाला आणि वर चिंचेत शिरला. फाटकाजवळ दोन बाया थांबलेल्या मला दिसल्या. त्यांतल्या एकीच्या कडेवर लेकरू होतं. त्या वळल्या नाहीत.

भात रटरटला. वास सुटला, तोच. मी ओसरीवर, माझ्या नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून बसले. घरच्या माणसांनी बसायची ती जागा. पाहुणा खाईल, मग आपण, हे अंगात इतकं मुरलेलं की मी फाटकाकडे बघायलाच लागले होते, आज कोण येतंय म्हणून.

पळसाच्या पानावर वाफाळता भात घेऊन तृप्ती बाहेर आली. गोंधळून बिरजाकडे बघत तिनं विचारलं, “पहिला कुणाला द्यायचा?”

बिरजानं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

“तिले दे. ते पाव्हनी आहे.”